जावईबापू ठणठणीत आहेत

लिंकन, नेब्रास्का
१ डिसेंबर २०२४

ती. आबा,

आईची समजूत काढायची म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी तुमचा फोन आला तेव्हा जावयानं धड नमस्कारसुद्धा केला नाही, नुसतं "हं" म्हणून फोन माझ्या हातात दिला, हे तिला फार लागलं. नोकरी गेली का, रक्तदाब वाढला का, तुमचं दोघांचं काही बिनसलंय का, असे प्रश्न तिनं लागोपाठ विचारले. सगळ्यांचं उत्तर नाही असंच आहे. जावईबापू ठणठणीत आहेत. आमच्याकडं तेव्हा शुक्रवारची रात्र होती, नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ आयोवाकडून नुकताच हरला होता, आणि तेवढ्यात तुमचा फोन वाजला.

"सामना काय ह्यांनी खेळला होता?" असं आई विचारणार. आबा, याचं उत्तर तिला तुम्हीच द्या. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा फुटबॉल संघ हरला की रात्री पानावरून उठून कोण जायचं, ते तिच्या चांगलं लक्षात असेल.

इथला फुटबॉल मात्र वेगळा. चेंडू लांबोळका. तो पोटाशी धरून पळायचं, नाहीतर पुढं फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर खेळ चालू, नाहीतर चेंडू दुसऱ्यांकडं. पार टोकाला पोचलात की सहा गुण, आणि लाथ मारून तो दोन खांबांमधून घातला की तीन. एवढं कळलं तरी पुरे, कारण आमच्या घरातलं सुतक त्या तीन गुणांचंच आहे. गुणसंख्या १०-१० होती. वीसेक सेकंद उरलेली असताना आमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला, तो आयोवानं उचलला आणि शेवटच्या लाथेला ५३ यार्डांवरून खांबांमधून घातला. १३-१०. गेल्या वर्षीही शेवटच्याच लाथेला १३-१०. त्याआधी २०१८ आणि २०१९ सालीही आयोवानं असंच अगदी शेवटी लाथ मारून जिंकलं होतं. आयोवा हे आमचं शेजारचं राज्य. शेजाऱ्यानं इतकं सातत्य ठेवू नये.

तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या पोरांच्या खेळाचं एवढं काय? पण नेब्रास्काची सगळी वस्ती वीस लाखांच्या आसपास. नजर पोचेल तिथवर मका. बड्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ या राज्यात नाही. जे आहे ते हेच. मेमोरियल स्टेडियम १९२३ चं, आत पंचाऐंशी हजारांवर माणूस मावतं, आणि सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन यांच्यानंतर राज्यातलं तिसरं मोठं गाव तेच असतं. नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. पडत्या काळात उरलेली तिकिटं देणगीदारांनी उचलली, असंही झालं, पण मोजणी तुटू दिली नाही. यंदा सप्टेंबरमध्ये चारशेवा सामना आला. केवढा थाटमाट! इलिनॉयनं जादा वेळेत हरवलं.

आमच्या शेजारी एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. यजमान गेले, पण त्यांच्या वेळची दोन तिकिटं आजींनी सोडली नाहीत. दुसऱ्या तिकिटावर आळीपाळीनं आम्हाला नेतात. अंगात लाल कोट, काखेत बसायची उशी, आणि कानाला ट्रान्झिस्टर. समोर सामना दिसत असताना रेडिओ कशाला, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "डोळ्यांवर माझा हल्ली विश्वास नाही." मी कोटाच्या खिशातून चकल्या नेते. त्या चकली अख्खी हातात धरतात आणि आपला संघ तिसऱ्या प्रयत्नाला आला की चावायच्या थांबतात. सामना संपला की पाहुण्या संघासाठी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, मग ते जिंकोत नाहीतर हरोत, ही इथली जुनी रीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला यूसीएलएकडून २७-२० हरलो तेव्हाही आजी उठल्या, कॅलिफोर्नियाची ती पोरं बोगद्यात दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, मग पार्किंगमध्ये येऊन गाडीच्या टायरला लाथ घातली.

या दुखण्याचं मूळ ऐश्वर्यात आहे. १९७०, ७१, ९४, ९५ आणि ९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातली शेवटची तीन टॉम ऑस्बर्न यांची. हा माणूस पंचवीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होता, २५५ सामने जिंकला, आणि एकाही हंगामात नवाच्या खाली उतरला नाही. शेवटच्या पाच वर्षांत साठ विजय आणि तीन पराभव. आबा, तुमच्यासाठी खास गोष्ट म्हणजे हा डोलारा तालमीवर उभा होता. व्यायामासाठी वेगळा पगारी वस्ताद नेमायची पद्धत कॉलेज फुटबॉलमध्ये इथूनच सुरू झाली असं म्हणतात. १९६९ साली बॉयड एप्ली नावाच्या माणसाला ते काम दिलं. शेताभातातली दांडगी पोरं शिष्यवृत्ती नसताना पदरच्या खर्चानं संघात यायची, चार वर्षं वजनं उचलायची आणि पाचव्या वर्षी समोरच्याला आडवं करायची. मग बाकीच्यांनीही तालमी बांधल्या. नेब्रास्काची गुपितं तेवढी संपली, आणि टेक्सास-फ्लोरिडातलं पोरगं इथल्या थंडीत यायला तयार होईना.

त्यानंतर जे झालं, त्याला मी तरी दुर्दैव म्हणणार नाही. ऑस्बर्न यांच्या गादीवर फ्रँक सोलिच आले. २००३ साली नऊ जिंकले, तीन हरले, आणि त्यांना काढलं! नऊ म्हणजे सामान्य, असं तेव्हा या गावाचं मत होतं. सोलिच ओहायोतल्या एका छोट्या विद्यापीठात गेले आणि तिथल्या लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त विजय मिळवलेले प्रशिक्षक ठरले. त्यांच्या जागी आलेल्यांनी धावण्याचा जुना खेळ मोडून फेकण्याचा आणला, तेही गेले. मग बो पेलिनी. सात वर्षं, दर वर्षी किमान नऊ विजय, तोंड थोडं फटकळ. त्यांनाही काढलं. मग माइक रायली, अगदी सज्जन माणूस. १९ जिंकले, १९ हरले. हे म्हणतात, सज्जनपणाचा हिशेब इतका चोख कुणी ठेवला नसेल. प्रत्येकानं येऊन आधीच्याचं सगळं पुसायचं, पहिल्याच्या खेळासाठी निवडलेली पोरं दुसऱ्याच्या उपयोगाची नाहीत, तिसरा आणखी वेगळंच काही मागणार. मधेच २०११ साली लीगही बदलली, त्यामुळं टेक्सासशी नेहमीचं येणंजाणं तुटलं.

आणि मग गावाला वाटलं, घरचाच माणूस आणू. स्कॉट फ्रॉस्ट, इथल्याच वुड रिव्हरचा मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा. २०१८ साली तो आला तेव्हा सत्कारच सत्कार. पण आजीच्या हातच्या तांबड्या रश्श्याची चव नातवाच्या हाताला आपोआप उतरत नाही. सव्वाचार हंगामांत १६ विजय, ३१ पराभव. तेसुद्धा सरळ हरले असते तर बरं. २०२१ साली बारांपैकी नऊ सामने हरले, आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. दर शनिवारी शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत आशा लावून ठेवायची आणि मग हात वर करायचे. २०२२ चा हंगाम डब्लिनला सुरू झाला. नॉर्थवेस्टर्नवर ११ गुणांची आघाडी असताना मुद्दाम आखूड लाथ मारून चेंडू परत मिळवायचा जुगार फ्रॉस्टला सुचला. फसला, ३१-२८ हरलो. त्या नॉर्थवेस्टर्ननं मायदेशी परतल्यावर अख्ख्या हंगामात एकही सामना जिंकला नाही! त्या दिवशी तिथल्या स्टेडियममधली कार्डयंत्रणा बंद पडली आणि बिअर फुकट वाटली म्हणे. नेब्रास्काच्या लोकांना त्या प्रवासातून मिळालेली तेवढीच वसुली.

दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ हरले आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्टला नारळ दिला. तारीख ११ सप्टेंबर. करार असा, की १ ऑक्टोबरनंतर काढलं तर भरपाई ७५ लाख डॉलर, आधी काढलं तर दीड कोटी. वीस दिवस कळ काढली असती तर रुपयांत साठ कोटींच्या आसपास वाचले असते. कळ निघाली नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "स्वस्तात सुटलो." हा माणूस मंडईत कोथिंबिरीच्या जुडीला दोन रुपयांवरून अर्धा तास घालतो, आबा, तुम्ही पाहिलंय.

माझं मत विचाराल तर या लोकांना हरण्याचा त्रास कमी आणि आठवणीचा जास्त आहे. चांगला संघ कुणालाच नकोय, सगळ्यांना १९९५ हवंय. नवा प्रशिक्षक आला की त्याची लढाई आधी कपाटातल्या त्या पाच ढालींशी असते, मग आयोवाशी. यंदा एप्रिलमध्ये आपापसातला सराव सामना झाला, त्यालाही साठ हजारांच्या घरात माणूस आलं. इतकं प्रेम अंगावर आलं की पायाभरणी करायला उसंत कुठली मिळणार?

या गावाला जिंकता येत नाही असंही नाही. आमच्या सईनं व्हॉलीबॉल सुरू केलंय ते उगीच नाही. इथल्या मुलींच्या संघाची पाच विजेतेपदं आहेत. गेल्या वर्षी ३० ऑगस्टला त्यांचा सामना हॉलमध्ये न घेता फुटबॉलच्या मैदानावर जाळी बांधून घेतला. ९२,००३ लोक आले. महिलांच्या खेळाला एवढी गर्दी जगात कुठं झाल्याची अधिकृत नोंद नव्हती. मुलींनी सरळ गेममध्ये सामना संपवला. परतताना सई म्हणाली, "बाबा, दर वर्षी ह्याच मैदानावर ह्यांनाच का नाही खेळू देत?" गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

फ्रॉस्टच्या जागी आता मॅट रूल आलेत. यांचा धंदाच पडकी घरं उभारण्याचा. टेंपल विद्यापीठात गेले तेव्हा पहिल्या वर्षी दोन विजय, तिसऱ्या वर्षी दहा. बेलरला पहिल्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी अकरा. कागद बघून गाव पुन्हा प्रेमात पडलं. पण टेंपल आणि बेलर केलं तेव्हाचा काळ वेगळा होता. आता खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, कॉलेज बदललं की वर्षभर बाहेर बसायचीही गरज नाही. तुम्ही पोरगं घडवा, दुसऱ्या वर्षी ते दुसऱ्याच्या अंगणात. तरी यंदा डिलन रायोला नावाचा क्वार्टरबॅक मिळाला. वडील इथंच खेळलेले. तो आधी ओहायो स्टेटला हो म्हणाला, मग जॉर्जियाला, आणि शेवटी इथं आला. एखाद्या लग्नात एवढं झालं असतं तर आईनं तोंड पाहिलं नसतं. इथं त्याच्या नावाचे शर्ट संपले.

हंगाम संपल्यावर बोल सामना नावाचं बक्षीस असतं, त्यासाठी सहा विजय लागतात. २०१६ नंतर नेब्रास्काला ते मिळालं नव्हतं. गेल्या वर्षी पाच झाले आणि पुढचे चारही सामने गमावले, प्रत्येक एका हल्ल्याच्या फरकानं. यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पाच झाले. मग पुन्हा चार पराभव, त्यातला इंडियानाकडून ५६-७. आमच्या गल्लीत "सहा" हा आकडा कुणी उच्चारेना. अखेर २३ नोव्हेंबरला विस्कॉन्सिनला ४४-२५ असं लोळवलं. २०१२ नंतर पहिल्यांदा. पोरंटोरं कठडे ओलांडून मैदानात. नऊ विजयांवर नाक मुरडणारं हे गाव, सहाव्या विजयाला एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होतं. आजी खुर्चीवरून हलल्या नाहीत. त्यांनी आधी ट्रान्झिस्टर बंद केला, हातातली अर्धी चकली संपवली आणि मला म्हणाल्या, "सुरुवात म्हणून ठीक आहे." मग विस्कॉन्सिनसाठी टाळ्या वाजवायला उठल्या.

म्हणून शुक्रवारच्या आयोवाचं एवढं मनावर घेऊ नये असं मी ह्यांना सांगतेय. सहा तर झालेच आहेत, बोल सामना पक्का आहे. पुढलं वर्ष रूल यांचं तिसरं, त्यामुळं तुम्ही दोघांनी पुढच्या सप्टेंबरात इकडं यायचं असं ह्यांनी परस्पर ठरवूनही टाकलंय. तुमचं तिकीट आजींच्या शेजारचं. आईसाठी लाल स्वेटर आणून ठेवलाय. मापाचा नाही, पण रंग बरोबर आहे.

बोल सामना कुठल्या गावी ते पुढच्या रविवारी कळेल. ह्यांनी ऑफिसात रजेचा अर्ज आत्ताच टाकलाय. कुठं जायचं ठाऊक नाही, कधी जायचं ठाऊक नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "घरगुती अडचण."

आईला सा. न. सईचा तुम्हा दोघांना नमस्कार.

आपली,
वैशाली