चार राजपुत्र आणि एक अंगठा

‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेत राजकन्या ऑरोराला बघायला चार राजपुत्र येतात. कांदेपोह्यांचाच कार्यक्रम, फक्त उलटा: गुलाब आणायचे मुलांनी, ताटकळायचं मुलांनी, आणि मुलगी एकालाही होकार देत नाही. बऱ्याच ठिकाणी त्यातला एक राजपुत्र भारतीय दाखवतात. त्याचीही डाळ शिजत नाही.

मुलीची परीक्षा मात्र आपल्याकडच्यापेक्षा कडक. एका पायाच्या अंगठ्यावर उभं राहायचं, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून मागे उचलायचा आणि चेहरा हसरा ठेवायचा. राजपुत्र तिचा हात धरून भोवती चालतो, तशी ती जागच्या जागी फिरते. मग हात सोडून डोक्यावर न्यायचा, अधांतरी थांबायचं, पुढच्याचा हात धरायचा. नृत्यदिग्दर्शक पेतिपानं हे १८९० साली सेंट पीटर्सबर्गला बसवलं. संगीत चायकोव्हस्कीचं, म्हणजे घाईघाईत उरकायची सोय नाही. सगळे तिच्या पायाकडे बघतात; मी राजपुत्रांच्या बोटांकडे बघते. मुलगी स्थिर असली तर हात अलगद सुटतो. नसली तर बिचाऱ्याची बोटं पांढरी पडतात. त्यानं भिंतीसारखं उभं राहायचं. मदत म्हणून जरा जरी ढकललं, तरी मुलीचा तोल गेलाच.

राजकन्येच्या या एका पायावरच्या पोझला आतित्यूद म्हणतात. कार्लो ब्लासिस या इटालियन गुरूनं ती शिल्पकार जांबोलोन्याच्या मर्क्युरीच्या पुतळ्यावरून घेतली. पुतळा ब्राँझचा आहे, एवढी बाब पुढच्या गुरूंनी मनावर घेतलेली दिसत नाही.

आमच्या हौशी प्रौढांच्या वर्गात आतित्यूदपर्यंत मजल गेलेली नाही. आम्ही देव्हलोपेवर अडलोय. आधाराच्या बारला हात, एका पायाचं पाऊल दुसऱ्याच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सरकवत आणायचं आणि तिथून पाय हवेत उलगडायचा. सावकाश. झटक्यात पाय कुणीही उडवेल. झटका काढून घेतला की उरतं ते निव्वळ वजन, आणि स्वतःच्या पायाचं वजन माणसाला पन्नाशीपर्यंत कळत नाही. ‘मांडीच्या वरून नको, खालून उचला,’ बाई सांगतात. ‘खुब्यातून बाहेर वळवा. उभा पाय ताठ. कंबर चढतेय!’ कंबर चढते, मांडी थरथरते, खांदे कानाला लागतात. पाय तेवढा खाली राहतो. ‘खांदे खाली,’ बाई म्हणतात. खांदे खाली येतात. त्यांच्याबरोबर पायही.

फ्रेंच नर्तकी सिल्वी गियेमचा पाय मात्र थेट कानाशी जायचा. ही कसरत झाली, असं म्हणून काही जुन्या रसिकांनी नाकं मुरडली. मला नाही पटत. कसरतीतला पाय वर जातो आणि येतो. गियेमचा वर जाऊन तिथे राहायचा, जणू खाली यायचं काही कारणच नाही.

माझा सराव स्वयंपाकघरात, ओट्याला धरून. परवा पाय जेमतेम कमरेपर्यंत पोचला होता, तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

‘काय झालं गं पायाला?’

‘काही नाही, आई. देव्हलोपे आहे.’

‘मग बाम लाव की. अशी लोंबकळत काय राहिलीस?’