पानठेल्यावरचा ट्रेड-पंडित : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

मॅच कोणीही पाहतो. मान मिळतो तो 'हा पोट्टा त्या टीमात काहून गेला' हे सांगणाऱ्याला. मूल गावच्या कोणत्याही पानठेल्यावर हा मान मिळवण्याची कृती अशी :

१. खेळ विसरा. षटकार आणि बास्केट प्रेक्षकांसाठी असतात. पंडिताने पगार पाठ करावेत.

२. पर्स समजून घ्या. आयपीएलच्या २०२४ च्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर १०० कोटींपर्यंतच खर्च करता येत होता. वडशाच्या नाटक कंपनीचंही असंच असतं. मुंबईचा मोठा नट आणला, की कॉमेडीवाल्याच्या वाट्याला चिल्लर.

३. एक उदाहरण घोटून ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सला गुजरातचा हार्दिक पांड्या हवा होता, भाव १५ कोटी. पर्समध्ये जागा मोकळी करायची होती. मग मुंबईचा कॅमेरून ग्रीन बंगळुरूला गेला. तो वाईट खेळला होता काय? छे, त्याच वर्षी हैदराबादविरुद्ध त्याने शतक ठोकलं होतं. त्याचा दोष एवढाच, की तो साडेसतरा कोटींचा होता. गुजरातला हार्दिकच्या बदल्यात खेळाडू नाही, रोकड मिळाली. आणि संघांनी एकमेकांना दिलेली ही ट्रान्सफर फी पर्समध्ये धरत नाहीत. हे शेवटचं वाक्य आवाज खाली करून सांगावं, वजन वाढतं.

४. आता अमेरिकेत शिरा. तिथल्या एनबीए बास्केटबॉल लीगमध्ये पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला मोठा खेळाडू घ्यायचा, तर साधारण तेवढ्याच पगाराचा माल बाहेर काढावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सना दिला आणि अँथनी डेव्हिस घेतला. दोघांचेही पगार ४.३ कोटी डॉलरच्या आसपास. तरी गणित अडलंच, म्हणून युटाला मध्ये घेतलं आणि लेकर्सचा एक तरणा खेळाडू तिकडे पाठवला. त्याचं नाव जेलन हूड-शिफिनो. डॉन्चिच सगळ्यांनाच ठाऊक असतो, पंडित ओळखला जातो तो हूड-शिफिनोवरून.

५. निष्कर्ष ठासून सांगा : "माणूस जात नाही गा, करार जातो. माणूस त्याच्या मागं मागं जाते."

६. धोक्याची सूचना. एखादा विचारेल, "एवढं करून २०२४ मध्ये मुंबई कितवी आली?" दहा संघांत दहावी. यावर कोणत्याही पंडिताजवळ उत्तर नाही. ताबडतोब पुढच्या लिलावाकडे वळावं.