ओलीवर सिमेंट

वडोदऱ्यात मांडवीजवळच्या आमच्या जुन्या घराचं जोतं दगडी, वर चुन्यातल्या विटा आणि सागाचे खांब. पाऊस संपला की भिंतींना ओल दिसते, आणि दिसली की जो तो सिमेंट सुचवतो. माझी तक्रार या सिमेंटबद्दल आहे.

कडिया (गवंडी) आला, भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "काका, सिमेंट मारी दइए." आधीच्या कडियानं तेच केलं होतं. तेव्हा गुडघ्याशी असलेली ओल आता कमरेपर्यंत चढली आहे. जुन्या बांधकामात पाया आणि भिंत यांच्यामध्ये ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटांतून वर येतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जातं. सिमेंटनं ती वाट बंद केली की पाणी आणखी वर चढतं. सोबतचे क्षार गिलाव्यामागे साचतात, फुगतात आणि पोपडे पाडतात. रोज सकाळी केर काढताना भिंतीचाच चुरा भरावा लागतो.

लाकडाचं दुखणंही तिथलंच. तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक आधी कुजतं. आमच्या माजघरातली तुळई पॉलिशनं चकचकीत दिसते. टोकाशी पेचकस टेकवला तर बोटभर आत जातो. शेजारी टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी पिठी. सागाचा गाभा टिकतो, कडेचं फिकं लाकूड भुंगेरे पोखरतात. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला तर ओल हवीच. वाळवीचं औषध मारणारा फवारून जातो, हमीचा कागद देतो आणि भिंत ओलीच राहते.

याच शहरात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, म्हणून तिथं सिमेंटचं नाव कुणी काढणार नाही. आमच्या भिंतीवर चित्र नाही, पण वीट आणि चुना तसाच आहे.

क्रम सरळ आहे. आधी गळकी पन्हळ आणि भिंतीलगतचं गटार दुरुस्त करा. मग सिमेंट विटेपर्यंत खरवडा, भिंत महिनोन्‌महिने सुकू द्या, चुन्याचा गिलावा करा. कुजलेलं टोक कापून पक्कं लाकूड सांधा. यात वेळ जातो, आणि चुन्याचं काम जाणणारा कारागीर शोधावा लागतो. महापालिकेनं जुन्या शहरासाठी असे कारागीर तयार करावेत. रंगाचं कार्ड हे सगळं झाल्यावर दाखवा.