पुढे काय होतं ते सांगू नका

परवा एका जुन्या नाटकाच्या प्रयोगाला माझ्या मागच्या रांगेत एक काका बसले होते. मध्यंतरापर्यंत त्यांनी सोबतच्या बाईंना निम्मं नाटक सांगून टाकलं. आता हा खोटं बोलेल. आता ती दार लावून घेईल. आता पत्र सापडेल. काका म्हणाले तसंच सगळं घडत गेलं आणि दर वेळी त्यांच्या घशातून समाधानाचा हुंकार आला. बाईंनी तिकीट काढून नाटक पाहिलं नाही. त्यांनी काकांचं पाठांतर तपासून दिलं.

मी मागे वळून बघितलं, दोनदा. काका थांबले नाहीत. म्हणून आज हे लिहिते आहे.

गाजलेलं नाटक नव्या संचात उभं राहिलं, की आपण जुने प्रेक्षक तिथे मालकी हक्काने जातो. तीस वर्षांपूर्वी एकदा पाहिलेलं असतं, तेवढ्या भांडवलावर. मग नटाच्या तोंडून वाक्य यायच्या आधी आपल्या तोंडून येतं. 'अश्रूंची झाली फुले'चंच घ्या. वसंत कानेटकरांचं हे नाटक 1966 साली आलं. प्रभाकर पणशीकरांचे विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या यांनी ते घराघरांत नेलं. पुढे अनेक वर्षांनी सुबोध भावे त्यात लाल्या म्हणून उभे राहिले, तेव्हा लाल्याची पेटंट वाक्यं प्रेक्षागृहातून आधी ऐकू येत. ज्याला ते प्रेम वाटतं त्याला वाटो. रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाचा श्वास त्यामुळे चुकतो. वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं, हे त्याने महिनाभर तालमीत घासून ठरवलेलं असतं.

त्याच नाटकाच्या वेळी, 2019 मध्ये, भावे यांनी जाहीरपणे लिहिलं की प्रयोगात पुन्हा पुन्हा फोन वाजत असतील तर आपण नाटकात काम करणं थांबवू. भरलेल्या नाट्यगृहासमोर उभा राहणारा, नाटकावर प्रेम करणारा नट हे म्हणतो, याची आपल्याला लाज वाटायला हवी होती. चार दिवस चर्चा झाली. फोन अजून वाजतात.

मध्यंतरातल्या बटाटेवड्याबरोबर हमखास येणारं दुसरं वाक्य म्हणजे 'आम्ही डॉक्टरांचा पाहिलाय'. डॉक्टर म्हणजे लागू, आणि पाहिलेला म्हणजे गणपतराव बेलवलकर. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 चा. ज्यांनी श्रीराम लागूंना त्या भूमिकेत पाहिलं ते भाग्यवान आहेत आणि त्यांचं मला खरोखर कौतुक वाटतं. पण हे वाक्य बोलणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. लागूंच्या मागोमाग दत्ता भट यांनी बेलवलकर केला, सतीश दुभाषी यांनी केला, यशवंत दत्त यांनी केला. पुष्कळ गावांतल्या पुष्कळ माणसांनी पहिला बेलवलकर पाहिला तो यांच्यापैकी कुणाचा तरी. त्यांच्या लेखी तोच खरा. मग मोहन जोशींचा पहिल्यांदा पाहून जो पोरगा गप्प होऊन बाहेर पडतो, त्याला पायऱ्यांवर गाठून तुझं पाहणं दुय्यम आहे असं सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कुसुमाग्रजांनी 'नटसम्राट' लिहिलं ते एका नटापुरतं लिहिलं नव्हतं. नाटककाराचा शब्द दुसऱ्या गळ्यातून, दुसऱ्या पिढीत उभा राहतो का, हे बघायचं तर नवा प्रयोग नवा म्हणूनच बघावा लागतो.

पुढचं सांगून टाकायची खोड माझ्यातही होती. ती माझ्या भाचीने मोडली.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' 1985 साली विजया मेहता यांनी प्रथम बसवलं. ते मला बघायला मिळालं नाही. 'वाडा', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1994 साली 'आविष्कार'साठी सलग केली. ते जवळपास नऊ तासांचं होतं. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या मोजक्या दिवसांपैकी आहे. त्यानंतर वीसेक वर्षांनी कुलकर्णी यांनीच 'वाडा' नव्या संचात पुन्हा उभं केलं, तेव्हा वीस वर्षांच्या भाचीला घेऊन गेले. तिला विदर्भ माहीत नव्हता, एलकुंचवार माहीत नव्हते, वाडा म्हणजे लग्नाचा हॉल एवढंच ठाऊक होतं.

पडदा गेला. धरणगावकर देशपांड्यांचं घर. तात्याजी वारलेत. आतल्या खोलीतून म्हातारी दादी आपल्या गेलेल्या लेकाला, व्यंकटेशला, हाक मारून वेळ विचारते. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय. मी भाचीच्या कानाशी झुकले, हाक कुणाला आहे ते सांगायला. ती हळूच म्हणाली, "मावशी, सांगू नकोस ना."

मी मागे सरले. मग त्या रात्री मी नाटक कमी आणि तिला जास्त पाहिलं. दादीची दुसरी हाक आली तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती. तिसऱ्या हाकेला, ज्याला बोलावताहेत तोच गेलाय, हे तिला आपलं आपण कळलं. तिने माझा हात घट्ट धरला. मी कानात सांगितलं असतं तर ती 'अच्छा' म्हणाली असती. तेवढंच.

चांगल्या नाटकात असे क्षण लेखकाने पेरून ठेवलेले असतात. प्रेक्षकाने ते स्वतः उचलायचे असतात. मोठ्या सुनेचा, वहिनीचा, रात्रीचा एक प्रसंग आहे. ती घरातले जुने दागिने अंगावर घालते. सगळे, एकावर एक. घरात रोजची ओढाताण आहे, तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावर भावाभावांत धुसफुस आहे, आणि ही बाई सोन्याने मढून उभी. तेव्हा प्रेक्षागृहात जी शांतता पसरली ती न जाणणाऱ्यांमुळे पसरली. जे जाणत होते ते आधीच एकमेकांना कोपर मारत होते. त्या दागिन्यांचं पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही. कुणीतरी हे नाटक अजून पाहिलेलं नसेल, त्याचा तो हक्क आहे.

आणि तो अंधार! ते घर अंधाराचं आहे. खोल्या बंद, भिंती खचलेल्या, मिणमिणता उजेड. प्रकाशयोजनाकाराने तो अंधार मोजून तयार केलेला असतो. त्यात पुढच्या रांगेत कुणीतरी फोन उघडला आणि निळा उजेड तोंडावर घेऊन लग्नाचे फोटो बघू लागलं. आवाज नव्हता, त्यामुळे त्या व्यक्तीला आपण काही बिघडवतोय असं वाटलंही नसेल. पण मागच्या पाच-सहा रांगांना वाड्यात एक खिडकी उघडलेली दिसली, जी एलकुंचवारांनी लिहिली नव्हती. नाट्यगृहातल्या सूचनेत फोन 'सायलेंट'वर ठेवा असं म्हणतात. 'बंद करा' असं म्हणावं. दोन तासांत जग बुडत नाही.

दुसरं, टाळ्या. मालिकेतला चेहरा पहिल्यांदा दिसला की टाळ्या वाजतात. मुंबईहून मुलगा सुधीर आणि सून अंजली येतात ते वडील गेल्यानंतर येतात. सुतकाचं घर आहे. त्या उंबऱ्यावर टाळ्या वाजल्या. नट आत आला आणि टाळ्या संपेपर्यंत दुःख हातात धरून उभा राहिला. टाळीला वेळ असते. ती पडदा पडल्यावर कितीही वाजवा, उभं राहून वाजवा. आपल्या आवडत्या नटाचं त्याच्या कामातलं पहिलं वाक्य आपण गिळून टाकतो आणि याला दाद म्हणतो.

आणि हसणं. याचा मला सर्वांत जास्त त्रास झाला. वऱ्हाडी वळणाची बोली कानावर पडली की आपल्या शहरी प्रेक्षागृहात पहिली दहा मिनिटं हशा पिकतो. प्रसंग काय आहे, बोलणारा कशाबद्दल बोलतोय, याचा संबंध नाही. बोली म्हणजे विनोद, ही सवय आपल्याला टीव्हीने आणि सिनेमाने लावली. थोरला भाऊ भास्कर घरातली अडचण सांगत होता आणि लोक हसत होते. त्या बोलीत माणसं जन्मतात, भांडतात, मरतात, कर्ज काढतात. नाटक ताकदीचं होतं म्हणून पंधरा मिनिटांत हशा आटला आणि त्यानंतर परत आला नाही. पण ती पंधरा मिनिटं वाया गेली, आणि ती लेखकाने सांगितलेल्या गोष्टीतली होती.

इथे कुणी म्हणेल, संगीत नाटकाचं काय? तिथे तर सगळं माहीत असतं म्हणूनच लोक जातात. खरं आहे, आणि ते मला मान्य आहे. 'सौभद्र' 1882 पासून होतंय. सुभद्रा कुणाची होणार हे विचारायला तिथे कुणी जात नाही. राहुल देशपांडे यांनी 2010 मध्ये 'कट्यार काळजात घुसली' पुन्हा आणलं, तेव्हा आजोबांनी, वसंतरावांनी, 1967 साली अजरामर केलेल्या खाँसाहेबांच्या जागी नातू उभा होता. सभागृहातले निम्मे लोक पदं मनात म्हणतच आले होते. पण पद माहीत असलं तरी आजची तान माहीत नसते. म्हणून 'वन्स मोअर' मागायचा. ती मागणी गायकाच्या हातात काहीतरी देते, त्याला पुन्हा नवं गायला लावते. गद्य नाटकात आधी पुटपुटलेलं वाक्य नटाच्या हातातून काढून घेतं. हा फरक आपल्या आज्या-आजोबांना कळत होता. ते गाण्याला दाद देत आणि गद्याला कान देत.

संगीत नाटकात तरी शेजाऱ्याने सोबत गुणगुणावं का? नाही. तिकीट गायकाचं काढलं आहे.

नवा संच उभा करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. नाटक जुनं म्हणून जाहिरातीत मूळ संचाचे फोटो छापू नका. प्रयोगाआधी भाषण करून त्या काळच्या आठवणी सांगू नका, प्रेक्षकाला तुलनेचा तराजू तुम्हीच हातात देता. सुनील बर्वे यांनी 'सुबक'तर्फे 'हर्बेरियम' केलं तेव्हा पाच जुनी नाटकं घेतली आणि प्रत्येकाचे 25 प्रयोग ठरवले, त्याहून जास्त नाहीत. 'सूर्याची पिल्ले' होतं, 'हमीदाबाईची कोठी' होतं, 'झोपी गेलेला जागा झाला' होतं. तेव्हाच्या तरुणांपैकी कित्येकांनी ही नावं फक्त घरात ऐकली होती. त्यांना ती नाटकं हाडामांसाची बघायला मिळाली ती या 25 प्रयोगांमुळे. माझ्या मते गेल्या काही वर्षांत मराठी रंगभूमीसाठी केलेल्या चांगल्या कामांत याचा क्रमांक फार वरचा आहे. पण 25 म्हणजे 25. एखाद्या मुलीने त्यातला एक प्रयोग पकडला, आणि शेजारच्या खुर्चीने तिला शेवट सांगून टाकला, तर तिचं पहिलं पाहणं गेलं. ते परत मिळत नाही. आपलं आपल्याला मिळालं होतं, कारण आपण गेलो तेव्हा शेजारी बसलेल्या कुणीही ते नाटक आधी पाहिलेलं नव्हतं.

'वाडा' संपल्यावर भाची बराच वेळ खुर्चीत बसून राहिली. पार्किंगमध्ये आल्यावर म्हणाली, "याच्या पुढचं नाटक आहे ना? त्यात त्या घरातल्या रंजूचं काय होतं?" ओठांवर आलं होतं. मी गाडी सुरू केली.

'मग्न तळ्याकाठी'ची तिकिटं आम्ही दोघींनी काढली तेव्हा तिला अजून काहीच माहीत नव्हतं. तुमच्या घरातल्या मुलांना जुनं नाटक दाखवायला नक्की न्या, पुढची तिकिटं काढून न्या. तिसऱ्या घंटेच्या आधी फोन बंद करा. आणि पडदा पडेपर्यंत त्यांना काहीही सांगू नका.