कैसरची बंदूक आणि आमचे हे

"वहिनी, टोमॅटोंना पाणी घालून झालं असेल तर या जरा कुंपणाशी. पलीकडच्या म्हातारबांच्या बंदुकीचं काय झालं, कळलं का?"

"अगंबाई! पोलीस आले होते की काय?"

"पोलीस कशाला येतात? सिनसिनाटी आहे ही, इथे बंदूक म्हणजे घरातलंच सामान. त्यांच्या शेकोटीवर टांगलेली नाही का ती लांबलचक? म्हातारबांचे वडील अमेरिकन फौजेत होते. 1945 च्या एप्रिलात फौज जर्मनीत झूल गावी पोचली. ते गावच बंदुका घडवणाऱ्यांचं. लोकांना हत्यारं जमा करायला लावली आणि त्या ढिगातून शिपायांनी मनाला येईल ते उचललं. जुलैत तो मुलूख रशियनांच्या ताब्यात गेला, पण बंदूक तोवर म्हातारबांच्या वडिलांच्या सामानात!"

"मग आता काय झालं?"

"धाकट्याला ती विकायचीय. घरात एकच पालुपद, ही कैसरने 1862 सालच्या फ्रँकफर्टच्या नेमबाजीच्या मेळ्यात बक्षीस दिली म्हणून. आमचे हे पिंपरीला टूलरूममध्ये होते ना, भिंग घेऊन गेले बघायला. आधी नळी रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं, मग बसले. पहिल्याच वाक्याला मोडता. म्हणे, 1862 ला कैसर होताच कुठे? विल्हेल्म तेव्हा नुसता प्रशियाचा राजा, कैसर झाला 1871 ला."

"तोंडावर बोलले?"

"तोंडावर! नळीवर सोनेरी अक्षरांत ठसठशीत नाव आहे, ते म्हातारबा कारागिराचं समजून बसले होते. हे म्हणाले, ते दुकानदाराचं असणार. आपल्याकडे पैठणीच्या खोक्यावर पेढीचं नाव असतं आणि विणणारा येवल्यात बसलेला असतो, तसं. झूलमधे एकाने नळी करायची, दुसऱ्याने दस्ता, तिसऱ्याने नक्षी. नाव पडायचं विकणाऱ्याचं. आणि ते 'क्रुप' लिहिलंय ना, त्यावरून थोरली सून गावभर सांगत होती की तोफा करणाऱ्या क्रुपने घडवलेली बंदूक. नळीचं पोलाद क्रुपचं, एवढंच!"

"मग खरं कळायचं कशावरून?"

"उलटी करून. लाकूड उतरवलं की नळीच्या पोटाशी बारीक बारीक ठसे असतात. मुकुट आणि त्याखाली अक्षर. बी म्हणजे बार उडवून तपासली, यू म्हणजे नजरेखालून घातली, जी म्हणजे नळीला आतून पीळ आहे. हा तपासणीचा कायदा जर्मनीत 1891 ला झाला आणि 1893 च्या एप्रिलपासून लागू झाला. त्या वेळी जो माल आधीच तयार होता, त्यावर मुकुटाखाली व्ही मारला. ह्यांनी व्ही किती शोधला! नाही सापडला. म्हणजे बंदूक 1893 नंतरची."

"अहो, मग पुढची बाजू? 1920 ची कशावरून नाही?"

"हुशार आहात! तिथेच एक आकडा आहे, 172,28. मलाही वाटलं नंबर असेल. पण ते नळीचं माप निघालं, जुन्या रीतीचं. त्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतील, त्याचा हिशेब. मिलिमीटरात सांगायचं तर साडेसातच्या थोडं वर. 1911-12 च्या सुमारास ती रीत गेली आणि थेट मिलिमीटर छापायला लागले. म्हणजे ही 1893 ते 1912 मधली. कुलपाची रचनाही आइट नावाच्या झूलच्याच कारागिराची, तिचं पेटंट 1884 चं. 1862 कुठून आणायचं?"

"म्हातारबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? मान खाली. ह्यांनाच वाईट वाटलं, मग कौतुक सुरू. उभ्याने नेम धरायची बंदूक म्हणून दस्त्याला मागे शिंगं, ती खांद्याला धरून राहतात. गाल टेकायला उंचवटा. आणि चाप दोन! एक ओढून ठेवला की दुसरा इतका हलका होतो, नुसतं बोट लागलं तरी बार. शिकारीशी तिचा संबंध नाही हो. गावोगावच्या नेमबाज मंडळांतले खाटीक, सुतार, शिक्षक रविवारी हिच्यावर पैजा लावायचे आणि जिंकणारा वर्षभर नेमबाजांचा राजा म्हणून मिरवायचा. मला विचाराल तर कैसरपेक्षा ते बरं."

"उडवून बघितली का?"

"छे! धाकटा निघाला होता गोळ्या मागवायला. हे ओरडलेच. त्या वेळी काडतुसाची खोली जो तो आपल्या मनाने कापायचा. आधी आत गंधक ओतून तिचा साचा काढा, म्हणे, मग गोळीचं बघू. मी म्हटलं, ठसे नीट दिसत नाहीत तर पितांबरीने घासून देऊ? पुण्याहून आणलेली आहे अजून. तिघं माझ्याकडे असे बघायला लागले! जुना काळपटपणा गेला की किंमत गेली म्हणे. आणि गंमत ऐका, थोरल्याने गेल्या उन्हाळ्यात दस्ता सगळा खरडून नवं वार्निश दिलंय. त्यावरून आता दोघा भावांत अबोला."

"तुमच्या ह्यांनी लावली म्हणायची!"

"थांबा, अजून आहे. हे कळल्यावर कोपऱ्यावरचा तो टोपीवाला आपली घेऊन हजर. पणजोबांची, 1870 च्या लढाईतली म्हणत होता. ह्यांनी नळीवर बोट ठेवलं, 'झेला-मेहलिस' लिहिलेलं. झेला नि मेहलिस ही दोन वेगळी गावं होती, एक झाली ती 1919 ला. काल सकाळी फिरायला जाताना त्याने आम्हाला हात केला नाही, हो!"