रेंज आहे, नेट नाही

ऑफिसातलं वायफाय आजारी पडलं की औषध सांगायला सगळे हजर. अकाउंट्सच्या मॅडम म्हणतात, राऊटर बंद करून चालू करा. मार्केटिंगचा पोरगा म्हणतो, प्लॅन वाढवा. साहेब म्हणतात, कुणीतरी मॅच बघतंय, आणि म्हणता म्हणता सगळ्यांच्या स्क्रीनवरून नजर फिरवतात. चहा आणणारे मामा खिडकीबाहेर बघून "आभाळ आलंय" एवढंच बोलतात. नेटवाल्यांना फोन लावावा तर तिकडचं उत्तर ठरलेलं, "सर, वरूनच प्रॉब्लेम आहे." हे वर म्हणजे नक्की कुठे, ते कुणी विचारत नाही. 'वरून' म्हटलं की आपण गप्प बसतो.

यात मॅडमचं औषध सगळ्यात स्वस्त, आणि अधूनमधून लागूही पडतं. राऊटर नव्याने सुरू झाला की त्याची तुंबलेली मेमरी मोकळी होते, शिवाय बरेचसे राऊटर त्याच वेळी आजूबाजूची गर्दी बघून नवा चॅनल धरतात. दुपारपर्यंत बरं चालतं. मग पुन्हा स्क्रीनवर ते गोल गोल फिरणं सुरू. फोनवर रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या, आणि साधा मेल जाईना. त्या रेघांवर माझा राग आहे. राऊटरचा आवाज फोनला किती मोठा ऐकू येतो, एवढंच त्या सांगतात. गलक्यात त्याचं बोलणं कळतंय का, याबद्दल मौन.

पोरग्याच्या औषधाला पैसे पडतात, म्हणून ऑफिसात तेच आधी मंजूर झालं. शंभरचा प्लॅन दोनशेचा केला. फरक फक्त बिलात पडला. शेवटी नेटवाल्यांचा एक मुलगा पाठीला सॅक लावून आला. त्याने लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडला आणि स्पीड टेस्ट लावली. काटा सरळ दोनशेला टेकला. केबल काढली, काटा आठवर. मुलगा म्हणाला, "काका, लाईन एकदम ओके आहे. तुमची हवा खराब आहे."

पुण्यात राहून हे ऐकायची सवय असायला हवी, पण तो धुराबद्दल बोलत नव्हता.

वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. आपल्या सरकारने २००५ साली तो परवानामुक्त केला, म्हणजे ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत राहून तिथे कुणीही, कुणालाही न विचारता बोलावं. विचारायचं नाही म्हटल्यावर आपण काय करणार, ते उघड आहे. ब्लूटूथचे माउस आणि हेडफोन त्याच पट्ट्यात. पँट्रीतला मायक्रोवेव्हही तिथलाच, २.४५च्या आसपासचा. एक वाजता डबे गरम व्हायला लागले की आमचे व्हिडिओ कॉल तुटत. वालाची उसळ आणि नाशिकचा क्लायंट यांचा इतका थेट संबंध असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मुलाने फोनवर एक ॲप उघडून दाखवलं. आसपासच्या प्रत्येक वायफायची एक कमान, आणि सगळ्या कमानी एकमेकींत घुसलेल्या. नावं वाचण्यासारखी होती. 'पासवर्ड मागू नये.' 'स्वतःचं घ्या.' पुणेरी पाट्या भिंतीवरून उतरून हवेत गेल्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. या पट्ट्यात आपल्याकडे म्हणायला तेरा चॅनल, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे धरायचे तर तीनच, १, ६ आणि ११. वरचे सीए, खालचा क्लास, समोरचा दातांचा दवाखाना आणि आम्ही, चौघेही सहावर.

एवढं असूनही काही चालत होतं, ते वायफायच्या सभ्यपणामुळे. यातलं प्रत्येक यंत्र बोलण्याआधी कानोसा घेतं. कुणी बोलत असेल तर थांबतं, त्याचं संपलं तरी आणखी थोडं थांबतं, आणि मगच तोंड उघडतं. पोच आली नाही तर पुन्हा, या खेपेला जास्त थांबून. या रीतीचं मूळ हवाई बेटांत आहे. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. त्या 'अलोहानेट'मध्ये कानोशाची भानगड नव्हती. बोलायचं, टक्कर झाली तर जरा थांबून पुन्हा तेच बोलायचं. ऐकून घेणं नंतर आलं. आमची सोमवारची मीटिंग अजून १९७१ मध्येच आहे.

सभ्यपणाचा तोटा असा की सावकाश बोलणाऱ्याचंही शेवटपर्यंत ऐकावं लागतं. चाळीच्या नळावर कुणी बारीक तोंडाची बाटली लावून बसलं की मागे बादल्यांची रांग खोळंबते, तसं. आमची बाटली म्हणजे स्टोअररूममधला जुना प्रिंटर. दोन भिंतींपलीकडून तो रखडत बोलायचा, आणि त्याचं आटोपेपर्यंत नवेकोरे लॅपटॉप ताटकळायचे.

आणि राऊटर? तो लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, जुन्या फाइलींच्या मागे, गणपतीच्या तसबिरीला खेटून. का, तर तसबिरीच्या दिव्यासाठी तिथे प्लग होता. खंडेनवमीला त्याचीही पूजा झाली होती. अंगावर हळदकुंकू, एका अँटेनावर झेंडूची वाळकी माळ. झेंडूने काही बिघडत नाही, बिघडवतं ते कपाट. लाटा लोखंडावर आपटून फिरतात आणि एकच शब्द चार वाटांनी मागेपुढे पोचतो.

या घुमण्यावरचा उपाय आला तो आकाशातून. जॉन ओ'सलिव्हन हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ १९७०च्या दशकात छोट्या कृष्णविवरांच्या स्फोटांचे रेडिओ संकेत शोधत होते. ते काही सापडले नाहीत. पण त्या शोधात हाताशी आलेलं गणित त्यांनी आणि सीएसआयआरओ या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी पुढे बंद खोलीतले पडसाद निस्तरायला लावलं, आणि १९९६ मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. कृष्णविवर नाही तर नाही, आमच्या साहेबांचं व्हॉट्सॲप तरी चाललं. इकडे आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अवकाशातली कुजबुज ऐकत उभ्या आहेत. जागा निवडतानाच तिथली रेडिओची शांतता पाहिली होती, आणि पाहुण्यांना मोबाइल बंद करायला सांगतात. ऑफिसात असं काही सुचवण्याची माझी तरी हिंमत नाही.

मग जमलं तेवढं केलं. राऊटर कपाटावरून उतरवून मधल्या भिंतीवर उंच लावला. माळ मामांनी आदराने काढून घेतली. प्रिंटरला आणि टेबलावरच्या संगणकांना केबल ओढली. जे जागचं हलत नाही, त्याने हवेत कशाला बोलायचं? हाच न्याय साहेबांनाही लावला. लॅपटॉप पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेले. तो पट्टा भिंतीपलीकडे फारसा जात नाही, म्हणून शेजाऱ्यांचाही आपल्याकडे फारसा येत नाही. प्लॅन पुन्हा शंभरवर आणला आणि कुणाला पत्ता लागला नाही. जुने फोन तेवढे २.४ वर राहिले, त्यांच्यासाठी आम्ही ११ चॅनल घेतला. क्लासवाले एकवर जायला एका चहात तयार झाले.

सीएंनी मात्र मुदत मागून घेतली आहे. सध्या रिटर्न भरायचा सीझन आहे, चालू यंत्राला हात लावायचा नाही, जे काय बदलायचं ते ३१ जुलैनंतर. तेही मुदत वाढली नाही तर.