अथ अंत्यगोळीप्रकरणम्

50 मीटर रायफलमध्ये वापरतात त्या .22 काडतुसातली गोळी सुमारे 2.6 ग्रॅम भरते. पहिली तेवढी आणि शेवटचीही तेवढीच. तराजू याबाबत ठाम आहे. ऑलिंपिकच्या अंतिम फेऱ्या मात्र तराजूला जुमानत नाहीत. तिथे शेवटची गोळी भल्याभल्यांना पेललेली नाही. हे वाढीव वजन येते कुठून, याचा छडा लावणे हा प्रस्तुत प्रबंधाचा हेतू. विषय क्षुल्लक आहे हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. 50 मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळही 10.4 मिलिमीटरचेच असते.

पूर्वपक्ष म्हणतो, दोष हृदयाचा. ठोका पडला की नळी हलते. म्हणून कसलेले नेमबाज दोन ठोक्यांच्या फटीत चाप ओढू पाहतात. हृदयाला औषध पाजून गप्प बसवावे, तर बीटा-ब्लॉकर नेमबाजीत निषिद्ध. 2008 मध्ये बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या पिस्तूल नेमबाजाची दोन पदके त्यापायीच काढून घेतली गेली. तेव्हा हृदय बडबडणार, हे धरूनच चालावे.

उत्तरपक्ष अमेरिकेच्या मॅट एमन्सचा, आणि तो जरा सविस्तर पाहणे भाग आहे. अथेन्स, 2004. 50 मीटर थ्री पोझिशन, एकच गोळी उरलेली, तीन गुणांची आघाडी. एरवी हा गृहस्थ आधी लक्ष्यावरचा क्रमांक बघे आणि मग नेम खाली उतरवी. त्या दिवशी स्वतःला शांत करण्यात तो इतका गढला, की क्रमांक बघायचाच राहिला. गोळी सुटली आणि लागलीही, फक्त शेजारच्याच्या लक्ष्यावर. शेजारधर्म इतका महाग क्वचितच कुणाला पडला असेल. गुण शून्य, स्थान आठवे, सुवर्ण चीनच्या जिया झानबोला. मनःशांतीवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या ग्रंथकारांनी लक्ष्यावरच्या त्या क्रमांकासाठी एक ओळही खर्चू नये, याचा आम्ही इथे निषेध नोंदवतो.

पुढे 2008. या वेळी लक्ष्य स्वतःचेच होते. पण नेम उतरत असतानाच बोट चापाला लागले. 4.4 गुण, स्थान चौथे. 2012, लंडन: शेवटची गोळी 7.6, हाती आलेले रौप्य निसटून कांस्य.

आहारविषयक मतही तपासले पाहिजे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा पेशाने रेल्वेचा तिकीट तपासनीस, 2024 च्या ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्य घेऊन आला. त्या दिवशी पोटात काय होते, तर नुसता कोरा चहा. कोल्हापूरकडच्या माणसाने दूध टाळणे ही तपश्चर्या आहे, हे निर्विवाद. पण चहाने नेम सुधारतो असे म्हणायला आम्ही धजत नाही. तसे असते तर पुण्यातल्या प्रत्येक अमृततुल्याच्या बाकावर एकेक ऑलिंपिकवीर सापडता.

आता सिद्धान्त. पायांची जागा, दस्त्यावर गालाचा टेका, श्वास, क्रमांक, बोट ही उस्तवार नेमबाज प्रत्येक गोळीला करतो. शेवटच्या गोळीला तो तिच्याऐवजी पदकाची उस्तवार करू लागतो. वाढीव वजन ते हेच. उपाय म्हणून शेवटच्या गोळीला सदतिसावी म्हणावे आणि सदतिसावीइतकाच मान द्यावा. बीजिंगला 10 मीटर एअर रायफलमध्ये अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन शेवटच्या फैरीपूर्वी बरोबरीत होते. हॅकिनेनने 9.7 मारला, बिंद्राने 10.8. बिंद्राने मनात कितवी गोळी मोजली, हे त्यालाच ठाऊक.

राहता राहिले गणित. एमन्सच्या तीन अंत्यगोळ्या 0, 4.4 आणि 7.6. वाढ आधी 4.4 ची, मग 3.2 ची, म्हणजे दर खेपेस 1.2 ने घटणारी. त्या हिशेबाने 2016 मध्ये 9.6 यायला हवा होता आणि त्यापुढच्या ऑलिंपिकमध्ये 10.4. रिओत एमन्स अंतिम फेरीत पोचलाच नाही, त्यामुळे आमचे सूत्र अद्याप कुणालाही खोडता आलेले नाही.